उरलेला नमुना

चादर पिळताना ताईचं मनगट मोडलं. ती पडली नाही, घसरली नाही, कुठे आपटली नाही. दर रविवारी उभे राहायचे तसेच दोघं न्हाणीघराच्या दारात उभे होते, ओल्या चादरीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या. तू उजवीकडे फिरव, मी डावीकडे, असं गेल्या तीस वर्षांत दीड हजार वेळा सांगितलेलं तिने पुन्हा एकदा सांगितलं, आणि तिसऱ्या पिळाला काहीतरी कट्‌कन वाजलं. त्याला वाटलं बादलीची कडी निसटली. ताईने चादर सोडली नाही. नको तिथे वाकलेल्या आपल्या हाताकडे ती जरा कुतूहलानेच बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, हे काय?" टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं काढलेली बाई, लाइन मध्येच तुटली की ती याच आवाजात 'अरे, हे काय' म्हणायची. तो आपलं टोक धरून उभा होता आणि पाणी त्याच्या पायांवर ठिबकत होतं. पुढे कितीतरी दिवस तो स्वतःला सांगत राहिला, की त्या क्षणी आपण घाबरलो, धावलो. धावला तो नंतर. आधी त्याच्या डोळ्यांसमोर एक छापील पान आलं, प्रयोगशाळेतल्या जाडजूड पुस्तकातलं, डाव्या हाताचं, कोपऱ्यात चहाचा डाग पडलेलं. कॅडमियम हा धातू शरीरात साठत जातो, आधी किडन्या खराब होतात, मग हाडं ठिसूळ होतात आणि साध्या हालचालीनेही मोडतात. अठरा वर्षं हे पान त्याला तोंडपाठ होतं. साधी हालचाल म्हणजे काय, ते आज कळलं.

त्याचं काम भाज्या तपासण्याचं. निरीक्षक शेतांवर जाऊन भाजी घेऊन येत, पिशवीला नंबर लावत, आणि ती त्याच्या टेबलावर येई. एक नमुना दोन किलोचा आणि मशीनला लागतो अर्धा ग्रॅम. पालक असेल तर मूठभर पानं निवडायची, तीन पाण्यांनी धुवायची, भट्टीत वाळवायची, कुटायची, ॲसिडमध्ये विरघळवायची आणि त्यात शिसं किती, कॅडमियम किती ते मशीनला विचारायचं. उरलेला नमुना मागच्या बाजूच्या निळ्या पिंपात टाकून त्यावर चुना ओतायचा आणि वहीत 'नष्ट केला' असं लिहून सही करायची, असा नियम. त्या पिंपात आजवर छत्र्यांशिवाय काही पडलं नव्हतं. दोन किलो कोवळी, टवटवीत, फुकटची भाजी चुन्यात घालायला कोणाचा हात धजावणार? संध्याकाळी पाचला सगळ्यांच्या पिशव्या भरलेल्या असत. साहेबांना गाजरं आवडत, म्हणून गाजरांकडे कोणी बघत नसे. बाटल्या धुणाऱ्या बाई तेवढ्या कधी काही नेत नसत. कोणी आग्रह केला तर त्या म्हणत, "जिला धुवायला तीन पाणी आणि वर ॲसिड लागतं, ती भाजी तुमची तुम्हालाच लखलाभ." सगळे हसत. तोही हसे. कारण हिशेब सगळ्यांचा एकच होता, की आज इथली पिशवी, उद्या तिथली, एखादी वाईट निघाली तरी बाकीच्या चांगल्या असणार. हा हिशेब चुकीचा आहे हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. निरीक्षक चांगल्या शेतात कशाला जातील? ते जायचे बॅटऱ्यांच्या कारखान्यामागे, मुलामा देणाऱ्या गाळ्यांच्या नाल्याकाठी, मैल्याचा गाळ पसरलेल्या जमिनींत. अख्ख्या शहरातली सगळ्यात संशयित भाजी तेवढी निवडून त्यांच्या टेबलावर यायची. दिसायला मात्र देखणी, कारण नाल्याच्या पाण्यावर पाला कसा माजतो. कॅडमियमला वास नाही, चव नाही, त्याने पान पिवळं पडत नाही. आणि आकडा हातात यायचा आठ दिवसांनी. म्हणजे पुढच्या शुक्रवारी त्याला कळायचं, की मागच्या शुक्रवारी घरात काय शिजलं होतं.

घरात म्हणजे ताईच्या ताटात. तो पालेभाजी खात नसे. लहानपणापासून पाला उकळल्याच्या वासानेच त्याला उमळून यायचं, आणि ताईने त्याच्या आयुष्यात हार मानली असेल तर ती या एकाच बाबतीत. बाकी सगळं तिने हाणून-मारून सरळ केलं होतं. आईवडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा, ती वीस. त्याचं अक्षर, त्याचं चालणं, दार लावायची त्याची पद्धत, शिंकताना होणारा आवाज, सगळ्याला तिने हात घातला. रसायनशास्त्रात एकदा तो नापास झाला, तर एक्स्चेंजमधल्या झाडून सगळ्या बायकांना तिने ते हसत हसत सांगितलं, आणि पुढे वर्षभर घरी फोन आला की पलीकडून आधी 'काय शास्त्रज्ञबुवा' असंच ऐकू यायचं. ते नाव तेव्हापासून चिकटलं. तिने त्याच्यासाठी खस्ता खाल्ल्या होत्या, यात खोटं काही नव्हतं. पण त्या खस्ता तिने कधी गुपचूप खाल्ल्या नाहीत. अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने एका मुलीबद्दल घरात सांगितलं. ताईने तिला पाहिलंही नाही. फोनवर दोन मिनिटं बोलली, रिसीव्हर ठेवला आणि म्हणाली, "ही खोटं बोलते. शब्द नाही, श्वास ऐकायचा असतो माणसाचा. दुसरी बघ." दुसरी त्याने बघितली नाही. हिचाही नाद सोडला, आणि का सोडला हे मात्र त्याला अजून नीट सांगता आलं नसतं.

पहिल्यांदा भाजीची पिशवी घरी आणली तेव्हा ताईने पालकाची जुडी हातात धरून उलटसुलट केली. ती नाक मुरडणार म्हणून तो तयारीत उभा होता. ती म्हणाली, "म्हणजे ही तपासलेली?" तो म्हणाला, "हो." यातही खोटं काही नव्हतं. भाजी तपासायला घेतली होतीच. दुसऱ्या दिवशी जिन्यात शेजारणीला ती सांगताना त्याने ऐकलं, "आम्ही बाजारातलं नाही हो खात. आमच्याकडे तपासलेलीच भाजी येते. भाऊ आहे ना माझा तिथे." तपासलेली म्हणजे चांगली निघालेली नव्हे, हे सांगायला फार तर दोन वाक्यं लागली असती. पण तिच्या तोंडून त्याच्या कामाचं कौतुक त्याने जन्मात पहिल्यांदाच ऐकलं होतं आणि ते ऐकत तो जिन्यात, एक पायरी खाली, तसाच थांबून राहिला. सांगू नंतर, असं मनाशी म्हणाला. मग पहिला वाईट आकडा आला. चारशे सतरा नंबरची पिशवी. चालतं शून्य पूर्णांक दोनपर्यंत, हा त्याच्या नऊपट. आधी त्याला वाटलं बाटली अस्वच्छ असेल. पुन्हा लावून बघितलं, आकडा तोच. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर त्याने बूट काढता काढता विचारलं, "मागच्या शुक्रवारचा पालक कसा होता गं?" ताई म्हणाली, "लोण्यासारखा. असाच आण." त्याने आणला. पुढचा आठवडा बरा निघाला, त्याचा पुढचाही, आणि सांगायची गोष्ट मागे पडली ती पडलीच. डॉक्टरांनी तिला रक्त कमी आहे, पालेभाजी वाढवा, असं सांगितल्यावर तर ती दोन्ही वेळा खायला लागली. रक्तात लोह कमी असलं की शरीर कॅडमियम जास्तच शोषतं, हेही त्याच डाव्या हाताच्या पानावर होतं.

तिचं वाईट व्हावं असं त्याला वाटत नव्हतं. हे त्याने शपथेवर सांगितलं असतं आणि ते खरंच निघालं असतं. फक्त एक सवय लागली होती. ताई त्याला झापायला लागली, टॉवेल खुर्चीवर का, पंखा चालू का, पन्नाशीला आलास तरी चहाचा कप धुता येत नाही का, की तो मान खाली घालून त्या आठवड्याचा आकडा आठवायचा. दोन पूर्णांक चार. एक पूर्णांक नऊ. मग तिचं बोलणं बोचायचं नाही. ती बोलत राहायची आणि त्याला आतून जरा उबदार वाटायचं, खिशात कोणाला न दाखवलेली वस्तू असावी आणि तिच्यावरून हळूच बोटं फिरवावीत तसं. त्याला मजा यायची, दुसरा शब्द नाही. तिला श्वासावरून खोटं कळतं ना? मग घे, ऐक माझा श्वास, असं तो मनात म्हणायचा आणि तिच्यासमोर शांतपणे जेवत बसायचा.

हॉस्पिटलातल्या डॉक्टर बाई तरुण होत्या आणि भलत्याच हुशार निघाल्या. मनगटाचं प्लास्टर सुकलंही नव्हतं तेवढ्यात त्यांनी पाठीचे फोटो काढले, लघवी तपासली, कपाळाला आठ्या घालून विचारलं, "तुम्ही कधी बॅटरीच्या किंवा रंगाच्या कारखान्यात होता का?" ताई म्हणाली, "टेलिफोनात होते. तिथे फक्त कान खराब होतात." डॉक्टर बाई हसल्या नाहीत. शरीरात धातू आहे का ते बघायला हवं, आमच्याकडे तसलं मशीन नाही, नमुना बाहेर पाठवावा लागेल, असं म्हणून त्यांनी कागदावर त्याच्याच प्रयोगशाळेचं नाव लिहिलं. ताईला कोण आनंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नंबर चिकटवलेली बाटली डाव्या हाताने त्याच्या पुढ्यात ठेवली. "तूच घेऊन जा. अठरा वर्षं लोकांचा पाला तपासलास, आता बहिणीचं पाणी तपास. नीट कर हं, शास्त्रज्ञबुवा. नापास करू नकोस मला."

बाटली डब्याशेजारी ठेवून तो बसने गेला. खिडकीतून दुकानं उघडताना दिसत होती, एक माणूस फुटपाथवर पाणी मारत होता, आणि मांडीवरची पिशवी कोमट लागत होती. अकरा वाजता त्याने नमुना मशीनवर लावला. माणसाच्या लघवीत हा आकडा एकाच्या आत असावा लागतो. पाचाच्या वर गेला की काळजी. ताईचा चौदा पूर्णांक दोन आला. त्याने पुन्हा लावला. चौदा पूर्णांक एक. मशीन उत्तम चालत होतं. खुर्चीत बसल्या बसल्या पुढचं सगळं त्याला सिनेमासारखं दिसलं. डॉक्टर बाई विचारणार, काय खाता, कुठून आणता. ताई मान वर करून सांगणार, आमच्याकडे तपासलेलीच येते. मग वही उघडणार, अठरा वर्षं 'नष्ट केला' आणि खाली त्याची सही. नोकरी जाईल, साहेब काखा वर करतील, पेपरात येईल. यातलं काहीही त्याला सोसलं असतं. पण संध्याकाळी ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहील आणि विचारेल, "तुला माहीत होतं?" आणि तो काहीही म्हणाला तरी ती त्याचा श्वास ऐकेल, आणि या वेळी तिला कळेल. तेवढं त्याला सोसणार नव्हतं.

आकडा बदलणं सोपं होतं. चौदाचा एक पुसला की झालं असतं. पण ते त्याच्याने होईना. पूर्ण नोकरीत त्याने एकही खोटा आकडा लिहिला नव्हता. कारखानदारांची माणसं येऊन गेली, साहेबांनी आडून आडून सुचवलं, तरी तो वाकला नव्हता, आणि आज बहिणीसाठी वाकायचं या विचाराने त्याला खरोखर अपमान झाल्यासारखं वाटलं. म्हणून त्याने वेगळं केलं. बाटली घेऊन तो संडासात गेला, ताईचं पाणी ओतून दिलं, बाटली सवयीने तीनदा शुद्ध पाण्याने विसळली, आणि स्वतः त्यात लघवी केली. झाकण लावलं, नंबर नीट पुसून घेतला. परत येऊन नमुना नियमाप्रमाणे दोनदा लावला. शून्य पूर्णांक तीन. शून्य पूर्णांक तीन. सकाळचे कागद फाडून टाकले, नवा आकडा वहीत स्वच्छ अक्षरात उतरवला, सही केली आणि दुपारचा डबा खाल्ला. डब्यात बटाटा होता. तो सगळा संपवला याचं त्याला स्वतःलाच जरा आश्चर्य वाटलं.

त्या दिवसापासून त्याने घरी भाजी आणणं बंद केलं. ऑफिसने मनाई केली म्हणून सांगितलं. ताई चिडली, "चांगलं चाललेलं कोणाला बघवत नाही," असं म्हणून दोन दिवस साहेबांच्या नावाने बोटं मोडत बसली. त्याला मात्र हलकं वाटत होतं. खरं सांगितलं असतं तरी डॉक्टर बाईंनी हेच तर सांगितलं असतं, की भाजी बंद करा. ते न सांगताही झालं. मग सांगण्यात राहिलं काय? एकदा आत गेलेला धातू वीस-वीस, तीस-तीस वर्षं किडनीत ठाण मांडून बसतो, हे त्याला माहीत होतं. पण ते पान त्याने पुन्हा उघडलं नाही. पुढच्या वर्षात ताईची उंची तीन बोटं कमी झाली. खोकताना एक बरगडी गेली. मग पाय सुजले, तोंडाला कडू चव आली, आणि आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिससाठी नेऊन बसवावं लागलं. चादरी आता तो एकटाच पिळायचा, एक टोक नळाला बांधून. ताईचं बोलणं कमी झालं. टॉवेल खुर्चीवर पडून राहायचा, पंखा दिवसभर चालायचा आणि ती काही म्हणायची नाही. घर शांत झालं होतं. ही शांतता आपल्याला आवडते आहे हे एका दुपारी त्याच्या लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावरही ती आवडायची थांबली नाही.

डॉक्टर बाईंनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की ताईचं शरीर डायलिसिस सोसत नाही. कोणाची किडनी मिळाली तर दहा वर्षं निघतील, नाही तर वर्षभर धरा. हे ताईला कोणी सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं असणार. एका सकाळी तो दाढी करत होता तेव्हा ती आतून म्हणाली, "जरा इकडे येतोस?" तो अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून गेला. ती पलंगाच्या काठावर बसली होती, पाय खाली टेकत नव्हते.

"मी तुझ्याकडे कधी काही मागितलंय?"

"नाही."

"मागायची सवय नाही रे मला. हुकूम सोडायची आहे." ती थोडं थांबली. "डॉक्टर बाईंना विचारलं मी. भावाची चालते म्हणे. एकीवर माणूस आरामात जगतं. देशील का?"

त्याने तिच्याकडे बघितलं. बत्तीस वर्षं अनोळखी माणसांना एकमेकांशी जोडून देणारी ही बाई स्वतःसाठी बोलताना अडखळत होती आणि तिला लाज वाटत होती. "देईन की," तो म्हणाला, आणि त्या क्षणी ते मनापासून होतं. आता फिटेल, असं त्याला वाटलं. सगळं, चारशे सतरापासूनचं. ती रडली नाही, पण त्याच्या गालावरचा फेस तिने बोटाने पुसला आणि म्हणाली, "कानापाशी राहिलेत बघ केस." पुढचे पंधरा दिवस तो तपासण्यांना जात होता, रक्त देत होता, पोटाचे फोटो काढणाऱ्या यंत्राखाली झोपत होता, आणि घरी येताना रोज थोडा थोडा घाबरत होता. अंघोळीच्या वेळी त्याचा हात आपोआप कमरेच्या वर जायचा. इथून कापतील, की जरा पुढून? झोपेतून जागा झाला की आधी तिथेच चाचपायचा. शब्द दिला तेव्हा ते इतकं कापायचं काम आहे हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

सोळाव्या दिवशी डॉक्टर बाईंनी दोघांना एकत्र बसवलं. टेबलावर त्याचे कागद एका बाजूला आणि ताईचे दुसऱ्या.

"तुमच्या किडन्या पंचविशीतल्या मुलासारख्या आहेत," त्या त्याला म्हणाल्या. "रक्तगटही जुळतो. पण मी घेणार नाही."

"का हो?" ताई म्हणाली. "एवढ्या चांगल्या असून?"

"तुमच्या कशाने गेल्या ते आम्हाला सापडलेलं नाही. साखर नाही, रक्तदाब नाही. कारण सापडत नाही तेव्हा ते घराण्यातच आहे असं धरून चालावं लागतं. मग आज ना उद्या यांच्याही जाऊ शकतात. यांची एक काढून मी दोघांनाही खड्ड्यात घालणार नाही. यादीत नाव लावू या, पण यादी लांब आहे." त्या कागद चाळत राहिल्या. "बाहेरून काही पोटात गेलं असतं, तर गोष्ट वेगळी होती. तुमची हाडं बघून मला पहिल्यापासून धातूचीच शंका होती. तसं निघालं असतं तर यांची किडनी मी याच आठवड्यात घेतली असती. पण हा रिपोर्ट, शून्य पूर्णांक तीन." त्यांनी त्याच्याकडे बघितलं. "तुमच्याच लॅबचा आहे. यात काही गफलत होऊ शकते का? वाटत असेल तर सांगा, दुसरीकडून पुन्हा करून घेऊ."

खोलीत भिंतीवरचं घड्याळ चालू होतं आणि बाहेर कोणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं. ताई त्याच्याकडे बघत होती, तोंड थोडं उघडं ठेवून, अगदी लक्ष देऊन. एक वाक्य. ते त्याच्या जिभेवर आलंही होतं, आणि ते बोललं की ताई जगणार होती हे त्याला स्वच्छ कळत होतं.

"नाही," तो म्हणाला. "दोनदा लावला होता. रिपोर्ट बरोबर आहे."

"बरोबरच असणार," ताई डॉक्टर बाईंना म्हणाली. "त्याचं काम चोख असतं. उगाच पुन्हा पुन्हा तपासण्या नकोत आता." मग तिने वाकडा जुळलेला आपला हात त्याच्या हातावर ठेवला. "मी भलतंच मागून बसले रे तुझ्याकडे. घराण्यातलंच असेल तर तू तरी जप. दोन्ही राहू देत तुझ्याकडे."

डॉक्टर बाईंनी त्याच्या कागदांवर रेघ ओढून फाइल मिटली. त्याला हायसं वाटलं, पाठीत, कमरेच्या जरा वर, दोन्ही बाजूंना.